पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी



संगणकास लावलेला पेनड्राइव्ह काढावा कसा, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू आले असेल. चिमटीत धरावा आणि ओढून घ्यावा. यात सांगण्यासारखे ते काय, आणि त्याकरिता आकाशवाणीचा वेळ खर्च करावयास हवा काय, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु संसारात जी नुकसाने होतात, ती बहुधा कामाच्या आरंभी होत नाहीत. काम पुरे झाले असे समजून आपण उठतो, त्या शेवटच्या क्षणी होतात. दुधापाशी दहा मिनिटे उभी राहिलेली गृहिणी अर्ध्या मिनिटापुरती पाठ फिरवते आणि दूध नेमके तेव्हाच उतू जाते. पेनड्राइव्हचे दुखणे याच जातीचे आहे.

मी कोणी संगणकशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझे शिक्षण गेले नाही आणि माझी हयात मुलांना शिकवण्यात गेली. तथापि शिक्षकाच्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. "असे करा" म्हणून सांगितले की तिसऱ्या बाकावरचा एखादा मुलगा "का?" म्हणून विचारतो, आणि त्याचे समाधान केल्यावाचून पुढे जाता येत नाही. "पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी संगणकाची परवानगी घ्या" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्यातील "का" मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो, आणि ज्या नियमाचे कारण ठाऊक नाही, तो नियम मनुष्य घाईच्या वेळी हटकून मोडतो. म्हणून आज ते कारणच आपणांपुढे मांडावयाचे आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरातून छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्यास लागले म्हणजे आमचे पडेगाव लागते. अशा कोणत्याही वस्तीतील झेरॉक्सच्या दुकानात घटकाभर उभे राहावे आणि तेथे येणाऱ्यांच्या हातांकडे पाहावे. कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज छापून घ्यावयास आलेला असतो, कोणी लग्नपत्रिकेचा मजकूर आणलेला असतो, कोणी गृहनिर्माण संस्थेचा वर्षाचा हिशेब घेऊन आलेला असतो. १९५८ साली स्थापन झालेले मराठवाड्याचे विद्यापीठ याच शहरात आहे; तेथील एखादा संशोधक चार-पाच वर्षांच्या श्रमांचा प्रबंध बांधणीकरिता घेऊन येतो. या सर्वांच्या हाती वस्तू एकच असते: बोटाच्या पेराएवढा एक पेनड्राइव्ह. पूर्वी मोलाचा ऐवज घेऊन निघालेला मनुष्य तो कनवटीस लावून दर घटकेस चाचपून पाही. आज तितक्याच मोलाचा ऐवज आपण सदऱ्याच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकतो आणि कोणाच्याही यंत्रास लावून, काम होताच उपटून घेतो.

ही वस्तू आली कोठून, हे थोडक्यात पाहू. संगणकास निरनिराळी उपकरणे जोडण्याकरिता पूर्वी निरनिराळ्या आकारांची तोंडे असत, आणि नवे उपकरण जोडले की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. ही अडचण दूर व्हावी म्हणून सात कंपन्यांनी मिळून एक सर्वसामान्य जोडणी सिद्ध केली आणि १९९६ च्या जानेवारीत तिचा पहिला नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. हीच यूएसबी होय. या कामात इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. ज्या नगरीशी मराठी मनाचे जुने नाते आहे, तेथे शिकलेल्या माणसाची कल्पना आज घरोघरच्या संगणकांत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पेनड्राइव्हच्या पोटातील स्मृती मात्र जपानची. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. १९८४ साली तिचा एक प्रकार आणि १९८७ साली आज पेनड्राइव्हमध्ये वापरतात तो दुसरा प्रकार त्यांनी जगापुढे मांडला. वीज बंद झाली तरी लिहिलेले टिकावे, हा तिचा गुण. तिच्यातील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, तो प्रकार पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला आणि तिचे नाव "फ्लॅश" पडले. या दोहोंचा संयोग होऊन २००० साली पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले. त्यांतील एकाची साठवण अवघी ८ मेगाबाइट होती आणि तरीही लोकांस नवल वाटले, कारण तोवरच्या फ्लॉपीत केवळ १.४४ मेगाबाइट मावत असे. आज साधा ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह चाळीस हजारांहून अधिक फ्लॉप्यांचा मजकूर पोटात घेतो. ऐवज इतका वाढला. हाताची धसमुसळी मात्र फ्लॉपीच्या काळातली राहिली!

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पेनड्राइव्ह एकदम ओढला तर नेमके बिघडते काय? कित्येकांची समजूत अशी की विजेचा झटका बसून यंत्र जळते. ही समजूत बरोबर नाही. साध्या पेनड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहिले तर सोनेरी रंगाच्या चार पट्ट्या दिसतात. त्यांतील कडेच्या दोन किंचित लांब आणि मधल्या दोन किंचित आखूड असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या मजकुराच्या. यामुळे लावताना वीज प्रथम जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी तुटते. यंत्र चालू असतानाच लावता-काढता यावे, हा हेतू रचना करणाऱ्यांनी आरंभापासूनच मनात धरला होता. शिवाय वीजही अवघ्या पाच व्होल्टची. तेव्हा धोका विजेचा नव्हे. धोका आहे तो लिहिण्याचा. अधिक नेमके सांगावयाचे तर, "लिहून झाले" असे यंत्राने सांगणे आणि खरोखर लिहून होणे, या दोहोंमधील अंतराचा.

हे अंतर समजण्याकरिता आपण पिठाच्या गिरणीत जाऊ. आमच्या शहरातील पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून तिचे जाते फिरवीत. विजेची गिरणी तर सर्वांच्याच परिचयाची आहे. वरच्या तोंडातून धान्य ओतले जाते, ते जात्यात शिरते आणि खाली कापडी नळीतून पीठ डब्यात पडते. आता वरचे धान्य संपले, म्हणजे दळण झाले काय? नाही. वरचे तोंड रिकामे दिसत असले तरी मूठ-दोन मुठी धान्य अद्याप दगडांत असते आणि काही पीठ नळीच्या कापडास चिकटलेले असते. म्हणून जाणता गिरणीवाला थोडा थांबतो, नळी झटकतो आणि मगच डबा पुढे सारतो. वरचे तोंड रिकामे पाहून जो घाईने डबा ओढतो, त्याचे शेवटचे पीठ जमिनीवर सांडते.

संगणकाचे असेच आहे. त्याची स्वतःची स्मृती अत्यंत वेगवान असते. पेनड्राइव्हची तिच्या मानाने फारच मंद. प्रत्येक अक्षर पेनड्राइव्हवर उतरेपर्यंत माणसास ताटकळत ठेवावयाचे, तर काम रेंगाळेल. म्हणून संगणक युक्ती करतो. आपण दिलेला मजकूर तो प्रथम आपल्या वेगवान स्मृतीत घेतो, "झाले" म्हणून आपणांस सांगतो आणि पुढे सवडीने तो पेनड्राइव्हवर उतरवीत बसतो. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्ण भरली, याचा अर्थ कित्येकदा इतकाच असतो की वरचे धान्य संपले. लिनक्स नावाच्या प्रणालीत सर्वसाधारण व्यवस्था अशी असते की मजकूर सुमारे तीस सेकंदांपर्यंत स्मृतीतच वाट पाहत राहू शकतो, आणि मजकूर मोठा असेल तर तो खाली उतरण्यास त्यानंतरही कित्येक मिनिटे लागतात. या अवधीत पेनड्राइव्ह ओढला, तर जे सांडावयाचे ते सांडते.

पण पीठ सांडले तर मूठभरच सांडते. उरलेला डबा शाबूत असतो. पेनड्राइव्हमध्ये मात्र कधी कधी संपूर्ण डबाच हातचा जातो. याचे कारण त्यातील हिशेबाच्या पद्धतीत आहे. दुकानदार रोजच्या उलाढाली रोजकीर्दीत टिपतो आणि त्यांवरून खतावणी करतो. खतावणीत पान नसेल तर रोजकीर्दीतील नोंद असून नसल्यासारखी होते. पेनड्राइव्हवर एक फाइल लिहिताना अशाच तीन निरनिराळ्या ठिकाणी लेखन करावे लागते. एके ठिकाणी मूळ मजकूर. दुसरे ठिकाणी, तो मजकूर कोणकोणत्या घरांत साठवला आहे त्याचा तक्ता. आणि तिसरे ठिकाणी फाइलचे नाव, तिचा आकार व तिची तारीख. या तिहींचा मेळ बसला म्हणजेच फाइल उघडते. मजकूर उतरला आणि आकार लिहावयाचा राहिला, तर नाव दिसते परंतु आकार शून्य भरतो. मजकूर व तक्ता उतरले आणि नाव राहिले, तर जागा व्यापलेली दिसते पण ती कोणाची, हे सांगता येत नाही. अशा बेवारशी तुकड्यांस विंडोज प्रणालीतील दुरुस्तीचा कार्यक्रम नुसते क्रमांक देऊन बाजूस ठेवतो. आणि तक्ताच अर्धवट लिहिला गेला, तर नवीन फाइलच काय, पूर्वीच्या जुन्या फाइलींचाही पत्ता चुकतो. मग संगणक सांगू लागतो की पेनड्राइव्ह नव्याने फॉर्मॅट करावा, म्हणजे पाटी कोरी करावी.

याखेरीज फ्लॅश स्मृतीचा स्वतःचा एक स्वभाव आहे. तिच्यात एखादे अक्षर जागच्या जागी खोडून दुसरे लिहिता येत नाही. पुसावयाचे तर घरांचा एक मोठा समूह एकदम पुसावा लागतो. त्यामुळे पेनड्राइव्हच्या पोटातील एक लहानसा नियंत्रक, त्या समूहातील कामाचा मजकूर अगोदर दुसरीकडे हलवतो आणि मग जागा मोकळी करतो. हे स्थलांतर चालू असता वीज तुटली, तर ज्या फाइलीस आपण त्या दिवशी हातही लावला नव्हता, तिलाही इजा पोहोचू शकते. "मी तर फक्त एकच पान बदलले होते, बाकीचे कसे गेले?" या विलापाचे उत्तर पुष्कळदा येथे असते.

यावर उपाय काय? तो मराठी माणसास नवीन वाटू नये. आपल्या जुन्या दफ्तरांतील राजपत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस ठाऊक आहे की पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला की अखेरीस एक लहान शिक्का उमटवीत. त्यास मोर्तब म्हणत. कित्येक पत्रांवरील अशा शिक्क्यात "लेखनसीमा" हाच शब्द कोरलेला असे. त्याचा अर्थ इतकाच की लिहावयाचे ते येथे संपले. यापुढे कोणी अक्षर घातल्यास ते आमचे नव्हे. मोर्तब नसलेले पत्र पोहोचले, तर वाचणाराच्या मनात शंका येई की हे पुरे आहे की मध्येच राहिले आहे.

पेनड्राइव्हलाही असे मोर्तब असते, ही केवळ माझी उपमा नव्हे. त्यावर लेखन सुरू होताच संगणक त्याच्या तक्त्यात एक खूण करून ठेवतो: "काम चालू आहे." आपण रीतसर परवानगी मागितली म्हणजे तो तीन गोष्टी करतो. स्मृतीत वाट पाहत असलेला सर्व मजकूर खाली उतरवतो. कोणता कार्यक्रम अद्याप त्या पेनड्राइव्हवरील फाइल धरून बसला आहे काय, हे पाहतो. आणि शेवटी ती खूण पुसून "काम पुरे झाले" अशी नोंद ठेवतो. ती नोंद न होता पेनड्राइव्ह उपटला गेला, तर पुढच्या वेळी लावताच संगणक शंका घेतो आणि "या पेनड्राइव्हमध्ये दोष दिसतो, तपासून दुरुस्त करावा काय?" असे विचारतो. हा प्रश्न ज्यांस वरचेवर दिसतो, त्यांनी समजावे की आपण मोर्तबावाचून पत्रे धाडीत आहोत.

एका शाळेत घडलेली हकीकत सांगतो. वार्षिक परीक्षेचा निकाल तयार करण्याचे दिवस होते. सर्व वर्गांचे गुण एकाच तक्त्यात भरून तो तक्ता पेनड्राइव्हवर ठेवला होता आणि कार्यालयातील यंत्रावर त्यात शेवटच्या दुरुस्त्या चालल्या होत्या. मुख्याध्यापकांकडून निरोप आला, तसा काम करणाऱ्याने जतन करण्याची कळ दाबली आणि त्याच दमात पेनड्राइव्ह काढून शिपायाच्या हाती दिला. दुसऱ्या खोलीतील यंत्रावर फाइलचे नाव दिसले, आकार शून्य. निकालाचा दिवस दोन दिवसांवर आलेला. सुदैवाने प्रत्येक वर्गशिक्षकाने आपली गुणनोंदवही शाईने लिहून ठेवली होती. त्या वह्या गोळा करून, दोन रात्री जागून, तो तक्ता पुन्हा भरण्यात आला आणि मुलांस निकाल वेळेवर मिळाला. कळ दाबणे आणि पेनड्राइव्ह काढणे यांच्या मध्ये पाच-दहा सेकंदांचे जे काम होते, ते न केल्याचे मोल दहा माणसांच्या दोन रात्री! आणि त्या वह्या नसत्या, तर हे मोलही पुरले नसते.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो तरुण मंडळीच काढतील. "आम्ही वर्षानुवर्षे पेनड्राइव्ह असेच ओढतो आणि आमचे काही बिघडले नाही." या म्हणण्यात तथ्य आहे, ते झाकून ठेवू नये. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ च्या अखेरीस विंडोज १० ची जी आवृत्ती दिली, तीपासून पेनड्राइव्हकरिता "क्विक रिमूव्हल" म्हणजे जलद काढता येण्याची व्यवस्था हीच मूळ व्यवस्था ठरवली. या व्यवस्थेत विंडोज मजकूर आपल्या स्मृतीत रेंगाळू देत नाही. तो लगोलग खाली उतरवते. त्यामुळे आपल्या स्वतःच्या अशा यंत्रावर, सर्व फाइली बंद करून, नक्कल पूर्ण होऊन काही वेळ लोटल्यावर पेनड्राइव्ह तसाच काढला, तर बहुधा नुकसान होत नाही.

परंतु या वाक्यात "आपल्या स्वतःच्या", "सर्व फाइली बंद करून" आणि "बहुधा" हे जे शब्द आहेत, ते नीट ऐकावेत. नक्कल चालू असता ओढला, तर ही व्यवस्थाही काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट, वेग वाढावा म्हणून ही व्यवस्था कोणासही बदलता येते, आणि दुकानातील, कार्यालयातील वा महाविद्यालयातील यंत्रावर ती कोणी बदलली आहे की नाही, हे पडद्याकडे पाहून समजत नाही. तिसरी गोष्ट, ॲपलची यंत्रे आणि लिनक्स यांवर मजकूर स्मृतीत थांबवून ठेवण्याची रीत चालूच आहे. आणि पेनड्राइव्ह हा तर जन्माचाच पाहुणा; तो आज या घरी, उद्या त्या घरी. अशा पाहुण्याने प्रत्येक घरची रीत निराळी लक्षात ठेवण्यापेक्षा सर्व घरी चालेल असा एकच शिष्टाचार पाळणे सोयीचे. निरोप घेऊन निघणाऱ्यास कोणतेही घर नावे ठेवीत नाही.

आता तो शिष्टाचार कसा पाळावयाचा, ते क्रमाने सांगतो. श्रोत्यांनी हवे तर टिपून घ्यावे.

प्रथम, पेनड्राइव्हवरील जी जी फाइल उघडली असेल ती जतन करून बंद करावी. नुसती खाली दडवून ठेवू नये, बंद करावी. मग विंडोजच्या यंत्रावर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी पाहावे. तेथे पेनड्राइव्हचे लहानसे चित्र असते. ते दिसत नसेल तर वर टोक केलेल्या बाणावर टिचकी मारली म्हणजे दिसते. त्या चित्रावर टिचकी मारताच जोडलेल्या वस्तूंची यादी उघडते. यादीत आपला पेनड्राइव्ह ओळखून त्याच्या नावापुढे जेथे "इजेक्ट" असे लिहिले असेल, तेथे टिचकी मारावी. "आता काढण्यास हरकत नाही" अशा अर्थाची सूचना उमटली, की तेच आपले मोर्तब. ही वाट अवघड वाटत असेल, तर जेथे सर्व डिस्कांची चित्रे दिसतात तेथे पेनड्राइव्हच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबावे. जी यादी येते तीतही "इजेक्ट" हा शब्द असतो. ॲपलच्या यंत्रावर पेनड्राइव्हच्या नावापुढे, आडव्या रेघेवर उभा असलेला त्रिकोण असतो, त्यावर टिचकी मारावी. भ्रमणध्वनीस पेनड्राइव्ह जोडला असेल तर त्याच्या सूचनांच्या पट्टीत असाच पर्याय मिळतो.

सूचना मिळाल्यावर पेनड्राइव्ह सरळ रेषेत, न हिसडता काढावा. डावी-उजवीकडे हलवून काढण्याच्या सवयीने त्याचे तोंड आणि यंत्राचे तोंड अशी दोन्ही सैल होतात, आणि सैल झालेला पेनड्राइव्ह पुढे नुसत्या धक्क्याने मध्येच निसटतो. पेनड्राइव्हवर दिवा असेल तर तो लुकलुकत असता हात लावूच नये. मात्र दिवा शांत झाला म्हणजे काम संपलेच, असेही धरू नये. मजकूर संगणकाच्या स्मृतीत वाट पाहत असेल, तर त्याची वार्ता त्या दिव्यास नसते.

कधी कधी संगणक परवानगी नाकारतो. "हे उपकरण अद्याप वापरात आहे" असे तो म्हणतो. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि "आम्ही विचारले होते, तोच ऐकत नाही" म्हणून ते पेनड्राइव्ह ओढून घेतात. परंतु हा नकार हट्ट नव्हे, ती माहिती आहे. एखादी फाइल मागे उघडी राहिली असेल, छपाई पुरी झाली नसेल, किंवा विषाणूंचा शोध घेणारा कार्यक्रम पेनड्राइव्ह तपासत असेल. सर्व कार्यक्रम बंद करावेत, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा विचारावे. तरीही नकारच आला, तर संगणक रीतसर पूर्ण बंद करावा आणि मग पेनड्राइव्ह काढावा. बंद होताना यंत्र आपले सर्व लेखन आटोपूनच निजते. लॅपटॉप नुसता मिटला म्हणजे तो बंद झाला, असे मात्र समजू नये. तो तात्पुरता डुलकी घेतो, आणि पेनड्राइव्ह आपल्यापाशीच आहे या समजुतीत राहतो. त्या अवस्थेत तो काढून, दुसरीकडे त्यात बदल करून, पुन्हा तेथेच लावला, तर जुना हिशेब आणि नवा हिशेब यांची गल्लत होते.

विजेसंबंधीही एक शब्द. ऐन लिहिण्याच्या वेळी वीज गेली, तर त्याचा परिणाम पेनड्राइव्ह ओढल्यासारखाच होतो. तेथे परवानगी मागण्यास अवधीच नसतो. पावसाळ्यात वीज येते-जाते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. म्हणून माझी अशी सूचना आहे की पेनड्राइव्हवरच्या पेनड्राइव्हवर काम करूच नये. फाइल प्रथम संगणकात उतरवून घ्यावी, तेथे काय लिहावयाचे-खोडावयाचे ते करावे, आणि काम संपल्यावर एकदाच पेनड्राइव्हवर नक्कल करून निरोप घ्यावा. असे केले म्हणजे जोखमीचा काळ तासाचा मिनिटावर येतो, आणि काही विपरीत घडलेच तर मूळ प्रत संगणकात सुखरूप राहते. परक्या यंत्रावर असे केले असेल, तर निघताना तेथील आपली प्रत पुसण्यास मात्र विसरू नये.

यातूनच शेवटचा मुद्दा निघतो. पेनड्राइव्ह हे वाहन आहे, कोठार नव्हे. धान्य गाडीतून बाजारास न्यावे, पण वर्षाचे धान्य कोणी गाडीतच भरून ठेवीत नाही. फ्लॅश स्मृतीत मजकूर टिकतो तो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने; तो भार कालांतराने ओसरतो, आणि पुसण्या-लिहिण्याच्या प्रत्येक फेरीगणिक घरे झिजत जातात. ज्यास दुसरी प्रत नाही, असा मजकूर केवळ पेनड्राइव्हवर ठेवणे म्हणजे तो न ठेवण्याची तयारी करणे होय.

आणि हल्ली या वाहनातून काय काय प्रवास करते, याचा विचार करावा. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतील शेकडो स्त्रियांचे आवाज बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केले, आणि हे धन २०१७ पासून "परी" या संस्थेने जगभरच्या श्रोत्यांस खुले केले. घरोघरची जाती थांबली, त्या गाणाऱ्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. आवाज तेवढे उरले. तो संग्रह जाणत्या माणसांनी जपला. परंतु आपणांपैकी किती घरांत आजीची एखादी ओवी, वडिलांचे एखादे भाषण, बहिणीच्या लग्नातील छायाचित्रे अशीच एखाद्या पेनड्राइव्हमध्ये एकुलत्या एका प्रतीत पडून आहेत! परीक्षेचा तक्ता पुन्हा भरता येतो. निवर्तलेल्या माणसाचा आवाज पुन्हा भरता येत नाही. त्या प्रती आजच दुसऱ्या एका ठिकाणी उतरवून ठेवाव्यात, आणि उतरवून झाल्यावर पेनड्राइव्ह रीतसर विचारून काढावा, एवढे माझे सांगणे आहे.

संगणकाने "झाले" म्हटले म्हणजे झाले, असे धरून चालू नये. "खरोखर झाले काय?" असे त्यास पुन्हा विचारण्याची एक वाट त्यातच ठेवलेली आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मात्र तो खरे देतो. दोन टिचक्या आणि चार-दोन सेकंद, इतकाच त्याचा खर्च. घरातील मुलांस तो करावयास शिकवावे, आणि मुले वडीलधाऱ्यांस शिकवीत असतील, तर वडीलधाऱ्यांनीही तो आनंदाने शिकून घ्यावा.